सतरा नंबरची ट्यूब

दातांना सोरा लावायचा, हे ऐकल्यावर सासूबाईंनी आधी देवापुढचं निरांजन उचलून बाथरूमपासून लांब ठेवलं.

"फटाक्यांच्या दारूत घालतात तोच ना गं?"

"हो आई, तोच. पण टूथपेस्टमध्ये तो पेटत नाही."

"तुला काय माहीत? तू लावून बघितलीस?"

मी बघितली नव्हती. माझे दात धडधाकट होते.

ही नव्वदीतली गोष्ट. फरीदाबादच्या एका टूथपेस्टच्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागले होते. बाजार नुकता खुला झाला होता. मयूर विहारमधल्या आमच्या वाण्याकडेसुद्धा परदेशी ट्यूबा रांगेने उभ्या राहू लागल्या होत्या, त्यामुळे आमच्या मालकांना घाईघाईने काहीतरी शास्त्रीय हवं होतं. पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोरा, दाताच्या आतल्या नसेला शांत करतो आणि थंड पाण्याची कळ कमी होते, असं बाहेरच्या संशोधनात दिसलं होतं. आमच्या पेस्टमध्ये तसं होतं का, ते तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा प्रोबेशनवर होते. साहेब मूळचे दादरचे, बोलायला गोड. "हे नीट करा," ते म्हणाले, "म्हणजे तुम्हाला पक्कं करा असं मला वर सांगता येईल." नीट झालं नाही तर काय, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. लग्नानंतर पुण्यातली नोकरी सोडून मी दिल्लीला आले होते आणि दोन वर्षं फ्लॅटच्या भिंतींकडे बघत काढली होती. मला ती नोकरी हवी होती. फार हवी होती.

काम ऐकायला सोपं होतं. ज्यांच्या दातांना थंड लागतं अशी चोवीस माणसं जमवायची. कोऱ्या पांढऱ्या चोवीस ट्यूबा, त्यांच्यावर फक्त नंबर. निम्म्यांत सोरा, निम्म्यांत नाही. कशात आहे ते ना वापरणाऱ्याला माहीत, ना मला. ती यादी बंद पाकिटात, साहेबांच्या कपाटात. कारण आपल्याला औषध मिळतंय असं वाटलं की माणसाला बरंही वाटायला लागतं, आणि मला ते ठाऊक असेल तर मीही त्याच्या चेहऱ्यावर तेच वाचणार. मग दर आठवड्याला एक घोट थंड पाणी द्यायचं आणि कळ किती आली ते शून्य ते दहामध्ये वहीत लिहायचं. जानेवारी असल्यामुळे पाणी वेगळं गार करावं लागत नव्हतं, नळाचंच पुरेसं होतं.

सोसायटीतली माणसं मी हेरून ठेवली. सासूबाईंचे दातही शिवशिवायचे, म्हणून त्यांचंही नाव घातलं. ट्यूबांचं खोकं शुक्रवारी घरी आणलं, रविवारी नावापुढे नंबर लिहून वाटायचं ठरवलं. मधे शनिवार होता, आणि शनिवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं.

वाणाला मी सरोजिनी नगरमधून प्लॅस्टिकच्या गाळण्या आणल्या होत्या, मराठी घरांपुरत्या मोजून. पण सासूबाईंना हिंदी येत नसल्यामुळे त्यांचं सगळ्यांशी फार जमायचं. त्यांनी जिन्यातल्या पंजाबी, बंगाली, तमिळ, सगळ्या बायकांना खुणेने बोलावलं होतं. माझी कारखान्याची बस त्या दिवशी यमुनेच्या पुलावर अडकली. दिवेलागणीला मी जिना चढत होते तर वरून बायका उतरत होत्या. कपाळाला कुंकू, एका हातात तिळगूळ आणि दुसऱ्या हातात माझी पांढरी ट्यूब.

"गाळण्या संपल्या," सासूबाई आनंदाने म्हणाल्या. "मग तुझ्या खोक्यातलं लुटलं. सगळ्या खूश! एक ठेवलीय बघ माझ्यासाठी."

मी रिकाम्या खोक्यावर बसले आणि खोक्यासकट खाली गेले. तशीच बसून मी जे बोलले ते बोलायला नको होतं. "तुम्हाला काय कळतं यातलं? माझी नोकरी घालवलीत तुम्ही." त्या तबक उचलून आत गेल्या. आपण जास्त बोललो हे मला तेव्हाच कळलं होतं, पण राग काही जात नव्हता.

साहेबांना सांगायचं नाही, आधी ट्यूबा शोधायच्या, असं मी ठरवलं. रविवारी वही घेऊन निघाले तर सासूबाई शाल गुंडाळून मागे. कुणाला काय दिलं ते त्यांनाच माहीत होतं, त्यामुळे मला नाही म्हणता येईना. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी ट्यूबने दाढी केली होती. "मॅडम, झाग बिल्कुल नहीं बनता," अशी त्यांची तक्रार होती. एका घरी तीन पिढ्या मिळून एकच ट्यूब संपवायला बसल्या होत्या. आणि बाल्कन्यांमधून वेगळीच चर्चा चालली होती. "यार, मेरा वाला नमकीन है, तुम्हारा मीठा क्यों है?" माझं तिकडे लक्षच नव्हतं, मी नंबर उतरवून घेत होते. तेवीस मिळाले. सतरा नंबर मिळेना. जिला तो दिला होता तिने तो आपल्या हळदीकुंकवात पुढे लुटला होता, आणि तिथून तोही पुढे गेला होता.

तरीही ज्यांच्याकडे ट्यूबा गेल्या होत्या त्यांच्यावरच मी प्रयोग चालू ठेवला. दर रविवारी दारोदार पाण्याचा पेला. सासूबाई तर अख्खा पेला गटागटा पिऊन दाखवायच्या. "अजिबात नाही लागत गं. लिही, शून्य." वहीत इतकं सुरेख शून्य दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. ते बघून मला जरा धीर यायचा.

रथसप्तमीला साहेबांच्या घरचं बोलावणं आलं. आम्ही दोघी फरीदाबादला गेलो. वहिनींनी कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि माझ्या हातात वाण ठेवलं. पांढरी ट्यूब. सतरा नंबर.

"इम्पोर्टेड आहे म्हणे," वहिनी म्हणाल्या.

साहेब पलीकडेच पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून नंबर बघितला, मग मला बघितलं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे झाल्या.

"चूक माझी आहे. हिला काढू नका."

मग मी सगळं सांगितलं. साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "आणि हो," त्या म्हणाल्या, "तुमच्या निम्म्या ट्यूबा खारट लागतात, निम्म्या गोड. अख्ख्या जिन्याला माहीत आहे. गोड्यांतही चिमूटभर मीठ टाकायचं की, म्हणजे कुणाला कळणार नाही." साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी पेपरच्या कडेला काहीतरी टिपून घेतलं.

प्रयोग रद्द झाला. सगळं नव्याने करायचं, साध्या पेस्टमध्ये साधं मीठ घालून. माझं पक्कं होणं उन्हाळ्यापर्यंत लांबलं, पण नोकरी राहिली. पाकीट आता निरुपयोगी होतं म्हणून साहेबांनी ते मला देऊन टाकलं. मी आधी सासूबाईंचा नंबर शोधला.

घरी आले तेव्हा त्या मटार सोलत होत्या.

"आई, तुमच्या ट्यूबमध्ये सोरा नव्हता."

"माहीत आहे. गोड होती ना."

"मग दर आठवड्याला शून्य कसं? गार पाणी लागायचं नाही?"

"लागायचं की. कळ पार मस्तकात जायची." त्यांनी एक शेंग मोडली. "पण तू अशी तोंडाकडे बघत बसायचीस. म्हटलं, एकदा घालवली हिची नोकरी, आता आपल्यामुळे वाचते तर वाचू दे."

त्या दिवशी मी नव्या वहीत पहिलाच नियम लिहिला, की घरची माणसं घ्यायची नाहीत. मग आत जाऊन पाणी कोमट केलं आणि पेला त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो लगेच उचलला नाही.

"हे पण लिहिणार आहेस का?" त्यांनी विचारलं.