सबखावरच्या काळ्या रेघा

विमानाची चाकं जमिनीला टेकली, बरंच अंतर घासत गेली, आणि पायलट डगने पॉवर देऊन विमान पुन्हा वर उचललं.

मागच्या सीटवर आमचे मॅनेजर कुलकर्णीसाहेब वैतागले. "यल्ला, चल लवकर, उतरव की! राणे, जागा तुम्हीच बघून आलात ना?"

"हो साहेब. पक्की आहे."

सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. बहारीनमधल्या एका छोट्या चार्टर कंपनीत मी मेंटेनन्स इंजिनियर होतो. बेटाच्या दक्षिणेला एका सर्व्हे कॅम्पजवळ आम्हाला सबखावर उतरायचं होतं. सबखा म्हणजे समुद्रालगतची खारट सपाटी. वर मिठाची कडक खपली, खाली कधी कधी चिखल. आठवड्यापूर्वी तिथे जाऊन, टाच आपटून बघून मी रिपोर्ट दिला होता.

डग कॅनडाचा. तिकडे हिवाळ्यात तो चाकांऐवजी स्की, म्हणजे लांब पट्ट्या लावलेलं विमान गोठलेल्या तळ्यांवर उतरवायचा. मला या प्रकाराचं भारी कुतूहल. स्पार्क प्लग साफ करता करता मी त्याला प्रश्न विचारून छळायचो. स्कीला ब्रेक नसतो. विमान फार वेळ उभं राहिलं तर स्की बर्फाला चिकटतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोरड्या दिसणाऱ्या हिमाखाली लपलेलं पाणी. त्यात विमान रुतलं की गोठून जखडतं. म्हणून आधी नुसती स्की घासून वर जायचं आणि वळून आपल्याच खुणा बघायच्या. काळ्या पडल्या, तर खाली पाणी आहे.

तेच तो आता बहारीनच्या उन्हात करत होता. वळसा घेऊन त्याने खाली बोट दाखवलं. मी काचेला नाक लावलं. चाकांच्या रेघा अर्ध्या वाटेपर्यंत पांढऱ्या होत्या. पुढे त्या डोळ्यांदेखत काळ्या होत चालल्या होत्या. तिथे पुढचं चाक रुतलं असतं तर विमान उलटलं असतं, आम्हा तिघांसकट.

मी अर्ध्यापर्यंतच चाललो होतो. ऊन मरणाचं होतं आणि पुढचं सगळं सारखंच दिसत होतं. रिपोर्टमध्ये मात्र पूर्ण लांबी लिहिली होती.

"राणे, शेवटपर्यंत चालला होतात?"

माझा व्हिसा कंपनीच्या हातात. दोष मागाहून आलेल्या भरतीच्या पाण्यावर ढकलता आला असता. पण डग माझ्याकडे बघत होता.

"नाही साहेब. अर्धंच."

आम्ही मुहर्रकच्या विमानतळावर परतलो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला उरलेलं अर्धं चालायला पाठवलं. वीस पावलांत मी गुडघ्यापर्यंत आत गेलो.

नोकरी टिकली. वर्षभर मात्र माझ्या प्रत्येक रिपोर्टवर दुसरी सही लागायची. ती डग करायचा, पण आधी शांतपणे विचारायचा, "कुठपर्यंत चाललास?"

तेव्हापासून चालतो तेवढंच लिहितो.