टर्कीच्या अंड्यावर निळीचा ठिपका

टर्की हा पक्षी मी लग्न होऊन कोल्हापूरजवळ उचगावला येईपर्यंत पाहिलेला नव्हता. आमच्या वर्धेकडे कोंबड्या पुष्कळ, तळ्यावर बदकं, पण हे असलं काही नाही. पहिल्या दिवशी ट्रंक घेऊन अंगणात पाऊल टाकलं, तर एक काळं धूड पिसं फुगवून, शेपटीचा पंखा उभारून वाटेत आडवं आलं. डोकं बोडकं, चोचीवरून मांसाची शेंडी लोंबतेय, आणि गळ्याची निळसर कातडी माझ्या डोळ्यांदेखत लालभडक होत चाललेली. मी जागीच थांबले. आतून आवाज आला, "ये पोरी आत. फौजदार हाय त्यो आमचा. नव्या माणसाची झडती घेतो."

त्या आमच्या घरमालकीणबाई. सगळा गाव त्यांना चाची म्हणायचा, मीही म्हणू लागले. आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. आमचे हे उद्यमनगरात लेथवर कामाला लागलेले. खोली शोधता शोधता आम्ही रडकुंडीला आलो होतो. मी सातवीतच शाळा सोडलेली, बोलायला तोंड उघडलं की 'मले' आणि 'तुले' बाहेर पडायचं. समोरची बाई आधी हसायची आणि मग खोली कालच दिली म्हणून सांगायची. चाचींनी मात्र जात विचारली नाही की गाव विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, कोंबड्यांची किळस न्हाय न्हवं? ते उपकार मी आजही विसरलेले नाही. म्हणूनच पुढे जे झालं त्यानं माझी झोप उडाली.

चाचींचे मालक बेळगावात एका लष्करी साहेबाचे खानसामे होते. काम सोडून घरी आले ते टोपलीत टर्कीची पिल्लं घेऊनच. आता ते राहिले नव्हते, आणि पिल्लांतला फौजदार आणि एक मादी एवढीच उरली होती. फौजदार म्हातारा झाला होता. यंदा मादीची अंडी जमवून तिला उबवायला बसवायचं, एवढाच ध्यास चाचींनी घेतला होता. ह्यो गेला तर त्यांचं म्हणून अंगणात काय ऱ्हाईल, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. चाची बांगड्यांची टोपली घेऊन गावोगावच्या बाजारांना जायच्या, आणि दिवसभर ही पाखरं माझ्या हवाली.

एवढा वेळ पाखरांत काढल्यावर मला एक कळलं. कोंबडीला अक्कल नसते म्हणणाऱ्यानं कोंबडी सांभाळलेली नसते. दाणे टाकले की आधी बोडक्या मानेची म्हातारी खायची, तिनं मान वर केल्याशिवाय तरण्या कोंबड्या पुढे यायच्या नाहीत. एकदा मी चाचींचं जुनं लुगडं नेसून गेले तर सगळ्या धावत आल्या, जवळ येऊन थबकल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या लुगड्याला फसल्या नाहीत. फौजदाराचं डोकं वेगळं होतं. तो सगळा आवाजाचा. कारखान्याचा भोंगा झाला, कुणी खोकलं, कुकरची शिट्टी झाली, की गळा ताणून उत्तर देणार. त्याच्या पोटात काही राहायचं नाही.

मादीच्या मात्र सगळं पोटातच. मातकट रंगाची, बारकी, पायांचा आवाज नाही. आधी एका डोळ्यानं माझ्याकडे बघायची, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं, जसं काही दोन्ही साक्षी जुळतात का ते पडताळतेय. तिच्यापुढे मला उगाचच चोर असल्यासारखं वाटायचं.

आणि चोरीचीच गोष्ट निघाली. खुराड्यातल्या टोपलीत पाचट घालून तिची जागा केली होती. सगळी अंडी उचलायची नाहीत, एक ठेवायचं, म्हणजे ती पुन्हा तिथंच येते, ही चाचींची पद्धत. पण अंडी वाढेनात. ती एक दिवसाआड घालते असा चाचींचा हिशेब, आणि हाताला त्याच्या निम्मीही लागेनात. मुंगूस असेल, मी म्हटलं. मुंगूस टरफल टाकून जातं, चाची म्हणाल्या, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

शेजारच्या घरी अक्का राहायच्या. लिंगायत घर, उसाची शेती, सासूशी कानडीत आणि आमच्याशी मराठीत. त्यांच्या घरी अंडं उंबऱ्याच्या आत येत नव्हतं, त्यामुळे चोरीचा संशय त्यांच्यावर नाही, आणि या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे निवाडा. भिंतीपलीकडून मी ऐकलं. अक्का म्हणत होत्या, "बाहेरची माणसं, चाची. गोड बोलत्यात. खूण करून ठिवा की."

दुसऱ्या दिवशी पाणी भरायला खुराड्यात वाकले, तर टोपलीत एकच अंडं आणि त्याच्या बुडाशी निळीचा ठिपका. मला आधी वाटलं, नजर लागू नये म्हणून केलं असेल. मग चहाचा कप देताना चाचींच्या बोटाला नीळ दिसली. संध्याकाळी अक्का माझ्या राखेच्या ढिगात काठी घालून टरफलं शोधत होत्या. तेव्हा उमगलं, खूण कुणासाठी आहे ते.

त्याच दिवसापासून मादीनं खुराडं सोडलं. मी स्वतः पाहिलं. दाराशी आली, टोपलीतल्या ठिपक्याकडे एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्यानं, आणि वळून निघून गेली. आपल्या अंड्यावर कुणाचा तरी हात फिरलाय, हे तिला पटलं असावं. पण हे सांगणार कुणाला? टोपलीत त्यानंतर एकही अंडं पडलं नाही, आणि त्याचा अर्थ सगळ्यांनी एकच काढला. चोरानं खूण ओळखली, आता ठिपका लावायच्या आत, घातल्या घातल्या उचलतोय. सापळा माझ्यासाठी लावला होता, आणि रिकामा राहिला तरी तो माझ्यावरच मिटला.

चाची भांडल्या नाहीत. त्यांनी मला पोरी म्हणायचं सोडलं, एवढंच. एका सकाळी सायकल बाहेर काढत असलेल्या ह्यांना त्या म्हणाल्या, "पावणं, दुसरीकडं खोली बघून ठिवा." परक्याला म्हणतात तसं, पावणं. हे तोंडातल्या तोंडात हो म्हणाले आणि गेले. रात्री जेवताना म्हणाले, बाजारातून अंडी आणून ठेवू का गुपचूप? टर्कीची अंडी बाजारात कुठं मिळतात, मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

दुसरी खोली म्हणजे पुन्हा ते हसणं, पुन्हा कालच दिली. मी ठरवलं, मादीच्या मागं जायचं. पण ती माझ्यापेक्षा हुशार. मी उठले की ती थांबायची, उगाच माती टोकरायची, मला विहिरीपर्यंत न्यायची, तिथं पंख झाडायची आणि परत अंगणात. अक्का भिंतीआडून माझ्यावर नजर ठेवून, मी मादीवर, आणि मादी आम्हा दोघींवर. दुपारभर असंच चालायचं. शेवटी ती कंटाळायची नाही, मीच कंटाळायचे.

एका दुपारी उंबऱ्यावर अंगणाकडे पाठ करून मी वेणी घालत होते. ह्यांचा दाढीचा आरसा हातात होता. आरशात मादी दिसली. ती माझ्या पाठीकडे बघत होती. दोन्ही डोळ्यांनी खात्री केली आणि मान खाली घालून, सापासारखी, भिंतीच्या भगदाडातून पलीकडे गेली. अक्कांच्या परसात.

थोड्या वेळानं अक्का देवघरात गेल्यावर मी भगदाडातून वाकून पाहिलं. उसाच्या चिपाडांचा ढीग, त्याला टेकवून ठेवलेली गूळ कढवायची फुटकी काहील, आणि काहिलीच्या पोटात, सावलीत, ती बसलेली. खाली तिची मुळातच तपकिरी ठिपक्यांची अंडी, एकाला एक लागून. अंगणात आणि खुराड्यात आम्ही सगळे शोधत होतो, आणि ही जिथं कुणी अंड्याला हात लावत नाही असं गल्लीतलं एकमेव घर गाठून बसली होती.

पण हे सांगायचं कसं? ही अंडी मी दाखवली तर म्हणतील, हिनंच लपवली होती. उचलून आणली तर चोरी शाबीत. मी हात न लावता मागं फिरले. हे चाचींनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं होतं.

शुक्रवारी चाची बाजाराला जात नसत. पूर्वी त्या दिवशी मी त्यांच्या डोक्याला तेल घालून द्यायचे, ते आता बंद होतं. मी वाटीत तेल घेऊन गेले. त्या नको म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे पाहून उंबऱ्यावर बसल्या, अंगणाकडे पाठ करून. मी आरसा त्यांच्या हातात दिला आणि तेल चोळायला लागले.

"ह्यो कशाला?"

"धरून ठेवा, चाची. मागं वळू नका."

बराच वेळ काही नाही. फौजदार कुणाच्या तरी सायकलच्या घंटीला उत्तर देत होता. मग माझ्या बोटांखाली त्यांची मान ताठ झाली. आरशात मादी भगदाडाकडे सरकत होती.

चाची अर्ध्या तेलाच्या डोक्यानिशी उठल्या आणि वळसा घालून अक्कांच्या परसात गेल्या. मी मागं. अक्का बाहेर आल्या, काहिलीत डोकावल्या आणि पदर तोंडाला लावून मागं सरल्या. "अय्यो, आमच्या घरात?"

"तुझ्या घरात अंड्याला कोण हात लावणार न्हाय," चाची म्हणाल्या, "आमच्यापक्षा तिला जास्त ठावं हाय."

त्या काहिलीजवळ बसून राहिल्या. मादी फुसफुसली, पण उठली नाही. ती उबेला बसली होती, आता हलवलं तर सगळं गेलं असतं. म्हणजे महिनाभर ती तिथंच, आणि राखण अक्कांकडे. खूण करा म्हणणाऱ्या त्याच होत्या. चाचींनी घरी येऊन खुराड्यातलं निळं अंडं उचललं, अंगठा थुंकीनं ओला केला आणि ठिपका पुसत राहिल्या. नीळ पुरती गेली नाही. मग त्या पुन्हा उंबऱ्यावर बसल्या.

"घाल की तेल, पोरी. अर्धंच डोकं केलंस."

खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. आम्ही पुढे पुष्कळ वर्षं तिथंच राहिलो. त्या महिनाभर मात्र अक्का रोज संध्याकाळी भिंतीवरून मला हाक मारायच्या. ये, बघून जा, सगळी हायत. चाची घरी असल्या तरी हाक मलाच. मी जायचे, काहिलीत डोकावायचे. मादी एका डोळ्यानं माझ्याकडे बघायची, मग दुसऱ्या डोळ्यानं अक्कांकडे. मी हायत म्हटल्याशिवाय अक्का दिवा लावायला आत जात नसत.