गोणीतला शेवटचा स्वेटर

ऐंशीच्या सुमारास नाशकात आमचा पळणाऱ्यांचा एक लहानसा क्लब होता. आम्ही चार-पाच कारकून, दोन मास्तर, थोडी कॉलेजची पोरं आणि पिंपळगावच्या बाजारातून कांदा वाहणारा एक टेम्पोवाला. दर जानेवारीत पेठ रस्त्यावर बारा किलोमीटरची शर्यत व्हायची. टेम्पो आम्हाला उजाडता उजाडता घाटाखालच्या गावात सोडायचा आणि आम्ही घाट चढून, पुढचे चढ-उतार तुडवत फाट्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत पळायचो. छातीवर नंबर वगैरे नसायचे. त्याऐवजी आमच्याकडे कांद्याची एक गोणी होती.

गोणी काका सांभाळायचे. ते निवृत्त पोस्टमन, क्लबात सगळ्यांत वडीलधारे. पळायच्या आधी प्रत्येकाने अंगातला स्वेटर काढून गोणीत टाकायचा. गोणी टेम्पोतून फाट्यावर जायची आणि जो पोचेल त्याने आपापला स्वेटर उचलायचा. गोणी रिकामी झाली म्हणजे सगळे आले, मगच टेम्पो शहराकडे निघायचा. थैली रिकामी झाल्याशिवाय घरी जायचं नाही, ही काकांची नोकरीतली सवय त्यांनी आमच्यावर लादली होती. पुढे आठवडाभर स्वेटरला कांद्याचा वास यायचा आणि घरोघरी बायका काकांना बोल लावायच्या.

एका वर्षी शेवटचा स्वेटर माझा राहिला. बायकोने विणलेला, पोपटी. त्यामुळे आपण कोणासाठी खोळंबलोय हे सगळ्यांना रंगावरूनच कळत होतं. मी पोचलो तेव्हा पोरं टेम्पोच्या फाळक्यावर बसून पाय हलवत होती. "आला रे, गार्डाचा डबा आला," त्यातला एक म्हणाला. मीही हसलो. पण त्यानंतर क्लबात मला सगळे गार्डसाहेब म्हणायला लागले आणि मी वर्षभर आतल्या आत जळत राहिलो. मला चेष्टा सोसत नाही, आजही नाही.

म्हणून त्याच्या पुढच्या जानेवारीत मी ठरवून टाकलं, स्वेटर द्यायचाच नाही. गोणीत माझं काही नसलं तर माझ्यासाठी कोणी थांबणार नाही आणि मग हसणारही नाही. उशीर झालाच तर फाट्यावरून एसटीने गुपचूप घर गाठायचं. काका गोणीचं तोंड उघडून माझ्यासमोर आले तेव्हा मी म्हणालो, "सर्दी झालीय काका, अंगातच राहू दे." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि गोणी घेऊन ते पुढच्या माणसाकडे गेले. आपली हुशारी मला फार आवडली.

ती दुसऱ्या वळणापर्यंतच टिकली. स्वेटरमध्ये अंग उकडून निघालं, मग तो काढून कमरेला बांधला, तर पावलागणिक तो मांड्यांवर आपटायला लागला. घाट संपला तेव्हा पुढे कोणीच दिसत नव्हतं. बागांमधून शेकोट्यांचा धूर रस्त्यावर आला होता. त्यात मी पुढच्या चढाला लागलो आणि उजव्या पोटरीत असा गोळा आला की ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसकणच मारली.

बसल्यावर घाम गार पडला आणि डोकं नको तिकडे धावायला लागलं. पाय असाच आखडून राहिला तर? एसटीच्या तिकिटाचे पैसे आपण आणलेत का? आणले नव्हते. हाफपँटला खिसाच नव्हता. दुपारपर्यंत घरी गेलो नाही तर बायको कोणाला विचारेल? क्लबातल्या लोकांना. ते सांगतील, गोणी तर रिकामी झाली होती, म्हणजे आलाच असणार. मी या कठड्यावर बसलोय हे जगात कोणालाही माहीत नव्हतं, आणि ती व्यवस्था मी स्वतः केली होती. मला खरोखरच भीती वाटली.

समोरून दुधाच्या किटल्या अडकवलेला एक सायकलवाला आला. मी त्याला थांबवून फाटा किती लांब आहे ते विचारलं.

"लय नाय. तीन टेकाडं हायेत अजून."

"तिथे टेम्पो उभा आहे का हो?"

"एक टेम्पो तर आत्ता गेला की नाशकाकडं. माणसं खच्चून भरली व्हती."

गेले. एवढा आटापिटा मी याचसाठी केला होता, तरी मला सगळ्यांचा भयंकर राग आला. एकालाही वाटलं नाही, की गार्डसाहेब कुठे राहिले? मी पाय ओढत उठलो. पहिलं टेकाड त्यांना शिव्या देत चढलो, दुसरं स्वतःला. तिसऱ्याला शिव्याही संपल्या.

तिसऱ्यावरून खाली पाहिलं, तर टपरीसमोर आमचा टेम्पो उभा होता. गेला तो सुरगाण्याकडच्या मजुरांना द्राक्षबागांवर नेणारा दुसराच टेम्पो होता, हे मला नंतर कळलं. आमची मंडळी फाळक्यावर कुरकुरत बसली होती. काका खाली, गळ्याला मफलर गुंडाळून, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात दंड चोळत उभे होते. पायाशी गोणी.

"गोणीत एक स्वेटर राहिलाय म्हणून काका हलेनात," टेम्पोवाला वैतागून म्हणाला, "नाहीतर मघाशीच निघालो असतो."

माझा हात कमरेकडे गेला. माझा स्वेटर तर इथे होता.

काका वाकले. गोणीतून त्यांनी एक राखाडी स्वेटर काढला आणि स्वतःच्या अंगात घातला. बोटं इतकी काकडली होती की बटणं लागेनात, म्हणून ती मी लावली.

"तू टाकला नाहीस, म्हणून माझा टाकला," ते मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाले. "चल आता. गारठलोय मी."

मला रडू आलं. सर्दीचं निमित्त सकाळीच सांगून ठेवलं होतं, ते तिथे कामाला आलं. फाळक्यावरून कोणीतरी म्हणालं, "आला गार्डाचा डबा," आणि हात देऊन मला वर ओढून घेतलं.

पुढच्या जानेवारीत गोणीत सगळ्यांत आधी पोपटी स्वेटर पडला, आणि सगळ्यांत शेवटी तोच निघाला.