पुढचा शब्द देणारा माणूस

माझे भावोजी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोलण्यात मध्ये पडले, आणि त्याबद्दल त्यांना पगार मिळत असे. नाट्यगृहात ते प्रॉम्प्टर होते. दिवसा तिकीटखिडकीत बसायचे आणि संध्याकाळी पडदा वर गेला की विंगेत, एका ठेंगण्या स्टुलावर, मांडीवर नाटकाची संहिता उघडून. नट अडला की पुढचा शब्द हळूच सोडायचा, एवढंच काम. नाटकमंडळी त्यांना ‘कुजबुजे’ म्हणत. मी त्यांची धाकटी मेहुणी, त्याच नाट्यगृहाचा कपडेपट सांभाळणारी. त्यामुळे त्यांना काहीही बोलायची मला मुभा होती आणि ती मी कधी वाया घालवली नाही.

माणूस काडीसारखा. विंगेत खोकला येऊ नये म्हणून गालात कायम खडीसाखर, पायात मऊ तळव्याचे बूट. घरातही ते असे पावलांचा आवाज न करता मागे येऊन उभे राहायचे की हातातलं भांडं पडायचं. बोलणंही तसंच. दुकानदाराला त्यांचं म्हणणं कधी पहिल्या खेपेला कळलं नाही. माझी थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, “या माणसाशी भांडायचं म्हटलं तरी आधी कान जवळ न्यावा लागतो.”

हे काम कुणालाही जमेल असं वाटतं. मलाही वाटायचं, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगायची. पण शब्द देणं सोपं, तो कधी द्यायचा नाही हे कळणं कठीण. नवीन असताना त्यांनी एकदा घोटाळा केला होता. नाटकातली मुख्य बाई ऐन प्रसंगात बोलता बोलता थांबली. मुद्दामच थांबली होती, सगळं प्रेक्षागृह तिच्या तोंडाकडे बघत होतं. भावोजींना वाटलं विसरली, त्यांनी शब्द दिला. पहिल्या रांगेला तो ऐकू गेला आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. मध्यंतरात बाईंनी पावडरचा डबा त्यांच्या अंगावर फेकला. मी झालर टाचत तिथेच बसले होते. पांढरेफटक भावोजी उभे होते, आणि बाई म्हणत होत्या, “उशीर झाला तर मी निभावून नेईन. पण माझ्या विरामात परत पाय घातलास तर याद राख.”

त्यानंतर ते संहितेकडे कमी आणि नटांच्या गळ्याकडे जास्त बघायला लागले. त्यांनी स्वतःचं एक शास्त्र काढलं. विराम घेणारा नट श्वास धरून ठेवतो, विसरलेला नट श्वास सोडून देतो. श्वास सुटला की शब्द द्यायचा, धरलेला असला की गप्प बसायचं. याच्या जोरावर त्यांनी उरलेली सगळी नोकरी केली, आणि पावडर पुन्हा अंगावर आली नाही.

ताईची आणि त्यांची गाठसुद्धा अशीच पडली. ती माझ्याबरोबर कपडेपटात शिवण करायची. एकदा नाटकात मोलकरणीची भूमिका करणारी मुलगी तापाने पडली आणि ताईला तिच्या जागी उभं केलं. एप्रन मीच तिच्या मापाचा केला. चार वाक्यं होती. तिसऱ्या वाक्याला ताईची दातखीळ बसली. मला विंगेतून दिसत होतं, ती तबक धरून खिळल्यासारखी उभी होती. तेवढ्यात अंधारातून शब्द आला, आणि ती बोलली. घरी आल्यावर मला म्हणाली, “कोण गं तो? असं वाटलं, कुणीतरी कोपराला धरून रस्ता ओलांडून दिला.” तोवर तिने त्यांच्याकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर बहुधा लग्न झालं नसतं, असं मी दोघांनाही पुष्कळदा ऐकवलं आहे.

संसारात मात्र ही कला जड गेली. समोरचा अडखळला की भावोजींच्या तोंडून पुढचा शब्द बाहेर. पाहुणे, शेजारी, लेकीच्या शाळेतल्या बाई, कुणाचीही गय नाही. ताई वैतागायची. “अहो, माझं वाक्य मला तरी पुरं करू द्या. तुमच्या संहितेत नाहीये ते.” ते ओशाळून गप्प बसायचे, आणि घटकाभराने पुन्हा तेच.

भावोजी निवृत्त झाले, लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, मी एकटी म्हणून त्यांच्याकडे राहायला आले. आणि एके दिवशी स्वयंपाकघरात ताई ओट्याला धरून खाली बसली. मेंदूचा झटका. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. कळत सगळं होतं. डोळ्यांत शब्द अगदी तयार दिसायचा आणि तोंडापर्यंत यायचा नाही.

मग काय, भावोजींना जन्माचं काम मिळालं. ती ओठ हलवायची, ते शब्द द्यायचे. ती पेल्याकडे बघायची, ते म्हणायचे “पाणी”. ती मान डोलवायची. बरोबर ओळखायचेही, नाकारण्यात अर्थ नाही. ताईला तोंड उघडायची गरजच उरली नाही, आणि ती उघडेनाशी झाली.

रुग्णालयात बोलणं शिकवणारी एक तरुण बाई होती. तिने हे बघितलं आणि भावोजींना बाजूला घेतलं. मीही गेले, मला कुणी थांबवत नाही.

“काका, तुम्ही इंटरव्हीन करू नका,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे मध्ये पडायचं नाही. त्यांना शब्द शोधू द्या. कितीही वेळ लागला तरी थांबा. तुम्ही देत राहिलात तर त्यांचं बोलणं परत येणार नाही.”

“पण डॉक्टर तर म्हणाले, वेळेवर इंटरव्हीन केलं म्हणून ही वाचली,” भावोजी म्हणाले. “तोच शब्द ना?”

“हो, शब्द तोच. पण ते वेगळं होतं.”

घरी येऊन त्यांनी जाडजूड शब्दकोश काढला. नाकावर चष्मा चढवून मला अर्थ वाचून दाखवायला लागले. मध्ये येणं. मध्ये पडणं. भांडणात मध्यस्थी करणं. हस्तक्षेप करणं. आड येणं. दोन गोष्टींच्या मध्ये काळ जाणं. वादळ आड आलं म्हणून प्रवास राहिला, शेजारी मध्ये पडले म्हणून मारामारी टळली, अशी वाक्यंही दिली होती.

“बघ,” ते म्हणाले, “वाचवणाराही यातच आणि लुडबुड करणाराही यातच. एकाच शब्दात दोघांना बसवलंय.”

“तुमच्यासाठीच काढला असणार,” मी म्हटलं. “तुम्ही दोन्ही आहात.”

एरवी हसले असते. त्या दिवशी पान उलटून पुन्हा मागे आले. “सगळे अर्थ दिलेत. कधी करायचं आणि कधी नाही, तेवढं दिलेलं नाही.”

ताई पलंगावरून आमच्याकडे बघत होती. त्यांनी शब्दकोश मिटला, तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, “आजपासून मी बोलणार नाही. तू बोलायचं.” तिने डाव्या हाताने त्यांच्या गालावर हलकी चापट मारली. इतक्या वर्षांनी एकदाचं कळलं, असा त्याचा अर्थ असावा.

गप्प बसणं त्यांना किती जड गेलं ते मी रोज बघत होते. ताई शब्दाशी झगडायची, तिच्या कपाळाची शीर फुगायची, आणि समोर हे गालात खडीसाखर धरून, गुडघ्यांवर मुठी आवळून बसलेले. कित्येकदा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला दिसायचा. गिळायचे. मीच चिडायची, “अहो, द्या की एकदा, मरू दे तो नियम.” ते नुसती मान हलवायचे. तिच्यासाठी त्यांनी स्वतःची जीभ बांधून टाकली होती. मी त्यांना जन्मभर टोमणे मारले, पण असं प्रेम मी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि शब्द यायला लागले. आधी “नको”. मग “खिडकी”. मग माझ्याकडे बघून “गप्प”, तेही अगदी स्पष्ट. एका सकाळी ती भावोजींना म्हणाली, “चहा झालाय.” पूर्ण वाक्य, तिचं नेहमीचं. चहा बिलकुल झाला नव्हता, कुणी ठेवलाच नव्हता. पण भावोजी लहान मुलासारखे धावत स्वयंपाकघरात गेले आणि मी तिथे जाऊन बघते तर गॅससमोर उभे राहून रडत होते. लेकीला फोन केला. ती म्हणाली, “पुढच्या महिन्यात येते, तोवर आई माझ्याशी भांडायला लागली पाहिजे.” तेव्हापासून भावोजींचं एकच चालू झालं, लेक येईपर्यंत ताई बोलली पाहिजे.

ती दुपार साधीच होती. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, डाव्या हातात रुमाल. भावोजी समोरच्या स्टुलावर. मी दाराशी बसून उशांचे अभ्रे शिवत होते. ताईने त्यांच्याकडे बघितलं, थोडं हसली आणि म्हणाली, “तुम्ही आता...”

आणि थांबली.

भावोजी पुढे झुकले. त्यांची नजर तिच्या गळ्यावर होती. ताई त्यांच्याकडेच बघत होती, चेहरा शांत, ओठ किंचित उघडे. श्वास धरलेला. मलाही तो दिसला, इतकी वर्षं विंगेत काढून मलाही तेवढं कळत होतं. पण मला ते बरं वाटेना. मी सुई टोचून ठेवली आणि उठले. भावोजींनी माझ्याकडे न बघता बोट वर केलं.

“थांब,” ते कुजबुजले. “विराम आहे.”

त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेला आनंद होता. मोठं वाक्य येतंय, या आशेवर ते बसले होते. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग ताईच्या हातातला रुमाल जमिनीवर पडला आणि तिची मान एका बाजूला कलली.

रुग्णालयात नेली. ती शुद्धीवर आली नाही आणि दुसऱ्या दिवशी गेली. डॉक्टरांनी भावोजींच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “दुसरा झटका फार मोठा होता. तुम्ही त्या क्षणी आणलं असतं तरी इंटरव्हीन करायला आम्हाला वाव नव्हता.” या खेपेला भावोजींनी अर्थ विचारला नाही.

लेक आली, रडली, थोडे दिवस राहिली. जाताना तिने विचारलं, “बाबा, आई शेवटचं काय म्हणाली?”

“तुम्ही आता,” भावोजी म्हणाले.

“पुढे?”

“पुढचं मला माहीत नाही.” आख्ख्या नाटकमंडळींची वाक्यं ज्यांना पाठ होती, त्यांनी हे लेकीकडे न बघता सांगितलं.

तेव्हापासून रोज दुपारी ते त्याच स्टुलावर बसतात, रिकाम्या खुर्चीसमोर, आणि वाक्य पुरं करून बघतात. तुम्ही आता झोपा. तुम्ही आता म्हातारे दिसता. तुम्ही आता लेकीला फोन करा. प्रत्येक वाक्य एकदा म्हणून बघतात आणि ‘नाही’ अशी मान हलवतात. मला ते ऐकवेना. काल मी चहाचा कप घेऊन गेले आणि ठरवूनच म्हटलं, “भावोजी, मी दाराशीच होते. ताई म्हणत होती, तुम्ही आता चहा घ्या. मला तिच्या ओठांवरून कळलं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, गळ्याकडे.

“हे तुझं वाक्य आहे,” ते म्हणाले. रागावले नव्हते. “तिने कधी ‘चहा घ्या’ म्हटलं नाही. ती ‘चहा झालाय’ म्हणायची.”

मी कप खिडकीत ठेवला. ते खुर्चीकडे वळले आणि त्यांच्या त्या विंगेतल्या आवाजात, पण मला नीट ऐकू येईल असं, म्हणाले, “‘तुम्ही आता सांगा.’ असंच असेल. ती शब्द मागत होती आणि मी दिला नाही. हो ना?”

मग त्यांनी धरून ठेवलेला श्वास सोडला आणि माझ्याकडे बघत राहिले. मला पुढचा शब्द सुचला नाही.