उस्तादांचा लास्ट राउंड

ताईला मिलिटरी पोलिसात भरती व्हायचं होतं आणि वयात बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष. लेखी पेपर तिनं काढला होता. उरलं पळणं: सोळाशे मीटर, मैदानाचे चार राउंड, आठ मिनिटांच्या आत. साडेसातच्या आत आली तर पहिला गट, पूर्ण मार्क.

महाराजपुरात आमच्या घरामागच्या मैदानावर एक रिटायर सुभेदार पोरींना फुकट पळायला शिकवत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांची एक खोड होती. तिसरा राउंड सुरू झाला की ओरडायचे, "लास्ट राउंड! खींच के बेटा, खींच के!" नवी पोरगी जीव काढून पळायची. रेषेवर आली की म्हणायचे, "शाबास. अब एक और." आठवडाभरात सगळ्या शहाण्या झाल्या. उस्ताद लास्ट म्हणाले म्हणजे अजून एक बाकी, दम राखून ठेवा.

मी त्यांचा आवाज हुबेहूब काढतो. नाकातून सुरू करायचा, मिशीत अडकवायचा, मग फेकायचा. मिशी नाही मला, पण अडकतो.

भरतीच्या दिवशी आर्मीच्या मैदानात घरच्यांना सोडत नव्हते. मी भिंतीजवळच्या कडुनिंबावर चढलो. तिसरा राउंड संपवून ताई समोरून गेली, तोंड लालबुंद. म्हटलं, चलो, थोडा जोश देऊ.

"लास्ट राउंड! खींच के बेटा, खींच के!"

शहपुऱ्याहून आलेल्या, उस्ताद माहीत नसलेल्या पोरी सुसाट सुटल्या. आमच्या मैदानाच्या पाचही पोरींनी, ताईनंही, वेग कमी केला.

तुम्ही म्हणाल, चारपर्यंत मोजता येत नाही का? धापा टाकत मोजून पाहा एकदा.

खालून संतरी ओरडला, "ए बंदर, उतर नीचे!" पण ताई तर बागेत फिरल्यासारखी पळून राहिली होती. मी माझ्या खऱ्या, चिरक्या आवाजात बोंबललो, "ताई, मी आहो, मी! खरंच लास्ट आहे, आईशप्पथ!"

तिनं मान वर करून पाहिलं. मग अशी सुटली की मागच्या चौघीही घाबरून सुटल्या.

बाहेर आली तेव्हा हातावर पासचा शिक्का होता. पाचही पास. पण दुसऱ्या गटात, मार्क कमी.

"काहून बे, कोणी सांगितलं होतं तुला?"

"जोश देऊन राहिलो होतो ना."

"पहिल्या गटात होती मी, गधड्या!"

"पास तर झाली?"

"मेडिकलला ये तू. येच."

मी गेलो नाही. पुढचे कितीतरी दिवस घरात सगळे मोबाइलवर निवडीची लिस्ट शोधत होते आणि मी ताईच्या हाताला लागत नव्हतो. शेवटी लागली. ताईचा नंबर होता, खालून दुसरा.

आई म्हणाली, "देव पावला."

ताई म्हणाली, "याला त्या झाडाला बांधून तोंडात बोळा कोंबला असता, तर वरून दुसरा असता."