ताईच्या रक्तावरचा बर्फ

घरोघर जाऊन रक्त काढायचं आणि नळ्या प्रयोगशाळेत पोचवायच्या, हे त्यांचं काम. सगळे त्यांना बर्फवाले म्हणत, कारण पेटीत बर्फ भरल्याशिवाय पायरी उतरतील तर शपथ! सव्वीस वर्षांत एक नळी नासली नाही, केवढी ऐट त्याची! बायको म्हणायची, "मला नाही कधी एवढं जपलंत." त्यावर हे, "तू कुठे नासतेस?"

घराण्याच्या मागे मात्र रक्तदाब हात धुऊन लागलेला. वडील बेचाळिसाव्या वर्षी मेंदूतली शीर फुटून गेले, काका एकोणचाळिसाव्या. थोरल्या बहिणीला, ताईला, तिशीपासूनच चार चार गोळ्या. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाई अशाच घराण्यांचा अभ्यास करत. मूत्रपिंडावरची इवलीशी ग्रंथी एक संप्रेरक जास्त सोडते, अंगात मीठ साठतं, दाब चढतो, आणि हे आईबापांकडून मुलांत उतरतं. "सापडलं तर त्याचं औषध वेगळं आहे," बाई म्हणाल्या.

ताई वर्षभर दाद देईना. शेवटी बर्फवाले तिच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसले. "रक्त घेतल्याशिवाय हलायचा नाही."

"चहा तरी घेशील, की उपोषण?" ताई हसली आणि तिने हात पुढे केला.

नळ्यांसोबत बाईंची चिठ्ठी होती. ती कोण वाचतो? सख्ख्या बहिणीचं रक्त! त्यांनी दुप्पट बर्फ घातला.

उत्तर आलं, तो आजार नाही. ताई जुन्याच गोळ्यांवर राहिली. अडीच महिन्यांनी भांडी घासता घासता खाली बसली, ती उठलीच नाही.

बाईंना शंका आली. "नळी आणली कशी होतीत?"

"बर्फात! दुप्पट!"

बाईंनी पेटीच्या तळाशी पडलेली ती चिठ्ठी काढायला लावली. एकच ओळ होती: गार करू नये. या आजारात रक्तातलं एक द्रव्य कमी भरतं; गारठ्याने त्याचं माप खोटंच वाढतं आणि आजार लपतो.

आता उरली भाची. वय एकवीस, दाब एकशे साठ. बर्फवाले पेटी न घेता, खिशात एक नळी टाकून गेले आणि दारातच सगळं सांगून टाकलं.

भाचीने दार अर्धं ओढून धरलं. "मामा, आई तुमच्या भरवशावर हात पुढे करून बसली होती."

"मला नको देऊस. दुसऱ्या कुणाकडेही दे, पण दे गं."

"कुणाकडेच नाही."

दार लागलं. बर्फवाले जिन्यावर बसून राहिले. मुठीतली रिकामी नळी, हवी होती अगदी तेवढी कोमट.