जानकीबाईंची पुढची सीट

जानकीबाई गाडीची किंमत सगळ्यात शेवटी विचारायच्या. त्याआधी त्या गाडीतल्या एकेका वस्तूवर बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, "हे कोणासाठी?"

मी डहाणू रोडला मालवाहू गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्सला आहे. पिकअप विकतो. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत आम्ही सुरू होतो. साधं मॉडेल, टॉप मॉडेल, मागचा माल भरायचा हौदा आठ फुटी की नऊ फुटी, पॉवर स्टिअरिंग, एसी, म्युझिक, मागचं दाखवणारा कॅमेरा. हे सगळं मी झोपेतही म्हणू शकतो, आणि बायकोचं म्हणणं आहे की मी म्हणतोच. पण "हे कोणासाठी?" या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नव्हतं.

त्या पहिल्यांदा आल्या त्या बाजार आटपून, भर दुपारी. साठीच्या असाव्यात. डोक्यावर माशांची टोपली, साडीचा काठ ओला, चाल अशी की शोरूम त्यांचंच आहे आणि आम्ही कामाला. टोपली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली, ब्रोशरच्या बरोबर मधोमध. आमच्या मॅनेजरांनी उदबत्ती लावली. सिनियर सेल्समन माझ्या कानात म्हणाला, "तू बघ बाबा. तुम्हा सरावलीकरांना सवय असते." सरावली हे माझं गाव.

आमच्याकडे तेव्हा एक पद्धत होती. लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळायचे. मासेवालं गिऱ्हाईक ट्रायलला निघालं की सीटवर वर्तमानपत्र अंथरायचं. माझ्या घरी आठवड्यातले चार दिवस मासे शिजतात, आई काटासुद्धा चोखून खाते, तरी मी निमूटपणे पेपर अंथरला. जानकीबाईंनी दार उघडलं, पेपरकडे पाहिलं.

"हे कोणासाठी?"

"तुमच्यासाठी मावशी. बसायला."

"मला वाचता येत नाय," असं म्हणून त्यांनी तो पेपर उचलला, टोपलीत उरलेले चार बोंबील त्यात नीट गुंडाळले आणि पुडकं माझ्या हातात दिलं. "घरी ने. आईला दे." मग त्या पुढे बसल्याच नाहीत. मागे गेल्या, चाकावर पाय ठेवून हौद्यात चढल्या आणि कोपऱ्यात मांडी घालून बसल्या. "चालव. जिथं बसायची सवय हाय तिथनं बघते गाडी कशी हाय ती."

ट्रायल झाली. मी एकटा पुढे, त्या मागे. बोंबील चांगले होते.

जानकीबाई डहाणूच्या खाडीवर राहायच्या. नवरा होडीवर होता, तो लवकर गेला. महेश हा एकुलता एक मुलगा, तो दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. त्या पहाटे बंदरावर मासे घ्यायच्या आणि कधी वाणगाव, कधी तलासरी असा बाजार करायच्या. चाळीस वर्षं त्या असाच कोणाचा तरी टेम्पो धरून गेल्या. त्यांच्यासोबत कायम पार्वती असायची. पार्वती त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी, बोलायला कमी, आणि आता दोन्ही गुडघे गेलेली. दोघींच्या टोपल्या शेजारी, दोघींचा पानाचा डबा एक.

पिकअप घ्यायची ठरल्यावर त्या आमच्याकडे सात वेळा आल्या. दर वेळी एकच विषय घ्यायच्या. एका दिवशी त्यांनी नुसता हौदा बघितला. बर्फाचं पाणी कुठून जाणार, एवढंच त्यांना हवं होतं. मी गाडी पावणेदोन टन वजन पेलते म्हणून सांगत होतो, त्या म्हणाल्या, "वजन नंतर बघू. पाणी साचलं तर मासा दुपारी मरतो."

"मासा मेलेलाच असतो ना मावशी?"

"तुला कळायचं नाय. एकदा मरतो तो आपल्याला चालतो."

दुसऱ्या दिवशी महेशला घेऊन आल्या. महेशच्या डोळ्यांत टॉप मॉडेल भरलं होतं. मी एकेक गोष्ट दाखवत होतो आणि जानकीबाईंचं बोट माझ्यामागून फिरत होतं.

"एसी कोणासाठी?"

"ड्रायव्हरला मावशी. उन्हाळ्यात..."

"गाणी कोणासाठी?"

"ड्रायव्हरलाच. झोप येत नाही."

"हा टीव्ही?"

"कॅमेरा आहे. गाडी मागे घेताना ड्रायव्हरला..."

"म्हणजे सगळं ह्याचंच. मग मी काय घेते हाय?"

महेश म्हणाला, "आई, तू मालकीण!"

"मालकिणीला काय देता ते सांग," त्या मला म्हणाल्या. मी गाडीभर नजर फिरवली. तेवढ्यात त्यांनी स्वतःच डाव्या बाजूचा पट्टा ओढला. "आणि हे?"

"सीट बेल्ट. शेजारी बसणाऱ्यासाठी."

"ड्रायव्हरचा नाय?"

"त्याचा वेगळा. हा तुमचा."

त्यांनी पट्टा दोनतीनदा ओढून सोडला. "ही एक वस्तू बराबर हाय," म्हणाल्या.

खरी अडचण पुढे आली. कंपन्या वस्तू सुट्या देत नाहीत, गठ्ठ्याने देतात. साध्या मॉडेलला नऊ फुटी हौदा मिळत होता, पण पुढे ड्रायव्हर आणि शेजारी एक, अशा दोनच सीट. टॉप मॉडेलला पुढे तिघांची सलग सीट, पण हौदा आठ फुटी, वर एसी आणि गाणी गळ्यात. लांब हौदा आणि लांब सीट एकत्र मिळत नव्हते. का, ते मला विचारू नका. मी विकतो, बनवत नाही.

जानकीबाई म्हणाल्या, "तिघांची."

मी त्यांना व्यवहार समजावला. फूटभर हौदा कमी म्हणजे दर फेरीला क्रेटची एक अख्खी ओळ घरी. धंद्याची गाडी आहे मावशी, धंदा बघा. साध्या मॉडेललाही एक सीट आहेच की, तुम्ही ऐटीत पुढे बसा.

"आणि पार्वती?"

"त्या मागे बसतील. आत्ताही बसतातच ना?"

जानकीबाईंनी पानाचा डबा उघडला, बंद केला. मग जे सांगितलं ते भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. पार्वतीला नववा महिना होता. वाणगावच्या बाजाराला निघाल्या होत्या. टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारची जागा रिकामी होती. जानकीबाईंनी त्याला म्हटलं, हिला पुढं बसव रे. तो म्हणाला, सीटला वास राहतो, शेठ ओरडतो.

"त्या सीटवर त्याचा जेवणाचा डबा ठेवला होता. डबा पुढं, पार्वती मागं. वाणगावपर्यंत मी तिचं पोट धरून बसले."

"बाळ?" मी घाबरत विचारलं.

"झालं की. तीन दिवसांनी. ती पोर आता बोईसरला नर्स हाय, तिला काय धाड भरली? पण डबा पुढं होता. ते मी विसरू कशी?"

मी बुकिंगचा फॉर्म पुढे ओढला.

"आता तिचे गुडघे गेले. हौद्यात चढवायला दोघी लागतात. पुढल्या वर्षी तिला चढवणार नाय कोणी. मग ती घरी बसेल, आणि घरी बसली की ती संपली. एकीनं पुढं बसायचं आणि एकीनं मागं, असं आम्ही चाळीस वर्षांत केलं नाय. तू आठ फुटी लिही."

मी आठ फुटी लिहून घेतली. आणि पुढच्या आठवड्यात नऊ फुटी बुक केली.

त्याचं असं झालं. कर्ज महेशच्या नावावर होतं, सह्या करायला तो एकटा आला. म्हणाला, एसी राहू दे, दर फेरीला माल जास्त जाईल, नऊ फुटीच करा, आईचं मी बघतो. त्याचं गणित चुकीचं नव्हतं, मीच त्याच्या आईला ते शिकवायला गेलो होतो. फोन उचलून जानकीबाईंना एकदा विचारायचं, एवढंच काम होतं. मी ते केलं नाही. महिनाअखेर होती आणि एक गाडी जात होती. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

गाडी मिळायच्या दिवशी खाडीवरून सहा बायका आल्या. हार, नारळ, चाकाखाली लिंबं, सगळं झालं. जानकीबाईंनी नवी साडी नेसली होती, पार्वतीने काठी टेकत टेकत गाडीला कुंकू लावलं. मग जानकीबाईंनी डावं दार उघडलं. आत एकच सीट होती.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मोजण्यासारखं तिथे फार काही नव्हतं. महेश आपल्या चपलेकडे बघत होता. त्यांनी दार हलकेच लावलं आणि म्हणाल्या, "चल गं पार्वते." दोन बायकांनी खालून ढकललं, एकीने वरून ओढलं, पार्वती "आई गं" म्हणत हौद्यात पोचली. जानकीबाई तिच्या शेजारी बसल्या. आमच्याकडे नव्या मालकाला पुठ्ठ्याची मोठी किल्ली देऊन फोटो काढतात. मॅनेजरांनी ती किल्ली वर हात करून हौद्यात दिली. फोटोत दोघी मागे बसलेल्या आहेत, हातात चार फुटी किल्ली, पुढची सीट रिकामी.

"सरावलीवाल्या," त्यांनी वरून हाक मारली. चिडल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. "ही गाडी कोणासाठी?"

त्या क्षणी मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. धरणीने काही केलं नाही. मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं की बुकिंग मी चुकीचं केलंय, गिऱ्हाईक वेगळं बोललं होतं. ते म्हणाले, फॉर्मवर मुलाची सही आहे, आपण सुटलो. मी म्हटलं, "साहेब, आपण सुटलो, पण त्या अडकल्या." हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे. एरवी मी त्यांच्यासमोर "हो सर"च्या पुढे जात नाही.

तलासरीच्या एका गवताच्या व्यापाऱ्याने तेव्हा आमच्याकडे आठ फुटी टॉप मॉडेल बुक केलं होतं, तेही लांब हौद्याची गाडी स्टॉकमध्ये नव्हती म्हणून. त्याला मी तीन फोन केले. नऊ फुटी तयार आहे म्हटल्यावर तो आनंदाने उडाला. गवताला एसी नको असतो. दोन्ही गाड्यांचं आरटीओ पासिंग अजून व्हायचं होतं, कागद बदलले. मॅनेजरांनी मला दोन महिने एक्सेसरीजच्या काउंटरवर बसवलं. तिथे मी गाडीत लावायच्या सुगंधी बाटल्या विकल्या.

आठ दिवसांनी गाडी पुन्हा सजली. या वेळी महेश स्टिअरिंगवर, मध्ये जानकीबाई, खिडकीशी पार्वती. पार्वतीला चढायला फक्त काठी लागली. गाडी महालक्ष्मीच्या दर्शनाला न्यायची होती, आणि मी सोबत यायचंच असा जानकीबाईंचा हुकूम होता. पुढे जागा नव्हती. मी हौद्याकडे निघालो तर पार्वतीच्या खिडकीतून जानकीबाईंचा हात बाहेर आला. हातात वर्तमानपत्र.

"घे. अंथर. इस्त्रीची पँट हाय तुझी."

हौद्यात बसलेल्या खाडीवरच्या बाकीच्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मी पेपर घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि त्यांच्या टोपल्यांच्या मध्ये तसाच बसलो. मी शेकड्याने पिकअप विकल्या होत्या, हौद्यात बसून कधी गेलो नव्हतो. ब्रोशरमध्ये सस्पेन्शनबद्दल लिहिलेलं सगळं पुढच्या सीटपुरतं खरं आहे. पँटचा वास तीन धुण्यांनी गेला.

त्यानंतर आमच्याकडे सीटवर पेपर अंथरत नाहीत. तो आता मॅनेजर वाचतात. मीही गिऱ्हाइकाला आधी मॉडेल सांगत नाही. गाडीत कोण कोण बसणार ते विचारतो. काही जण वैतागतात. बरेच जण विचारात पडतात आणि मग घरी फोन लावतात.

जानकीबाई अधूनमधून सर्व्हिसिंगला यायच्या. एसीचं विचारलं तर म्हणायच्या, "मागं बर्फ, पुढं बर्फ. आम्ही दोघी आता दहा वर्षं टिकतो." ते काही झालं नाही. गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्या बाजार करून घरी आल्या, पाय धुतले, सुनेला चहा टाकायला सांगितला आणि चहा होईपर्यंत थांबल्या नाहीत.

महिनाभराने गाडी सर्व्हिसिंगला आली. महेश चालवत होता. पार्वती पुढेच होती, पण खिडकीशी नाही, मध्ये, गिअरला गुडघे लागत असताना अवघडून बसलेली. खिडकीजवळ जानकीबाईंची रिकामी टोपली ठेवली होती. टोपलीला सीट बेल्ट लावलेला होता.

महेश खाली उतरून हळूच म्हणाला, "काकू काढू देत नाय. रोज स्वतः लावते."

मी डावं दार उघडलं. पार्वतीने माझ्याकडे पाहिलं, मी काय विचारतो म्हणून. मी काही विचारलं नाही. पट्टा एका बाजूने सैल झाला होता, तो ओढून नीट बसवला आणि दार लावून घेतलं.